पिवळ्या तोंडानं मुलगी पाहायला

आधी हातातला कप खाली ठेवा, मग सांगतो. मागे एकानं हे ऐकता ऐकता सगळा चहा माझ्या सदऱ्यावर उडवला होता. माझ्या गाढवपणाला लोक अशीच दाद देतात, काय करणार!

हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे दिवस होते ते. आमच्या ऑफिसात कपाटांपासून कारकुनांपर्यंत सगळ्यांची वाटणी चाललेली. कुणी म्हैसूरला, कुणी आंध्रात, मराठी माणसं बहुतेक औरंगाबादेला. मी आईबरोबर हैदराबादेतल्या नल्लकुंट्यात राहायचो. साहेब रोज विचारायचे, तुमचं काय ते लवकर सांगा. मी सांगणार काय? माझं सगळं कुसुमवर अडलं होतं!

कुसुम जामबागला राहायची आणि तिथल्याच शाळेत शिकवायची. एका सत्यनारायणाला तिनं मला न मागता दुसऱ्यांदा प्रसाद वाढला होता, आणि मी तिथंच खलास. ती नोकरी आणि हैदराबाद सोडणार नाही, हे तिच्या घरच्यांनी आधीच कळवलेलं. म्हणजे जमलं तर मी इथं, नाही जमलं तर चंबूगबाळं उचलून औरंगाबाद. रविवारी सकाळी मुलगी पाहायचा कार्यक्रम ठरला.

आणि शनिवारी संध्याकाळी ऑफिसात, बाहेरगावी जाणाऱ्या मंडळींचा निरोपसमारंभ! त्यात एक लहानसं सोंग होतं, आणि त्यातला वाघ मी. मीच कसा, विचारू नका. हौस, दुसरं काय?

आमच्या ऑफिसातला रझाक नाटकात कामं करायचा. तो तेलकट रंगाच्या कांड्या घेऊन आला. म्हणाला, "मियाँ, ये लगाव. पावडर नक्को." पण ऐकेल तो मी कसला! मी त्याला चांगलं व्याख्यान दिलं. तेलकट रंग बत्तीच्या उष्णतेनं ओघळतो, निघता निघत नाही, मला सकाळी स्वच्छ तोंडानं जायचंय. पावडरीचं बघ, लावली आणि झटकली. रझाक हसला आणि कांड्या खिशात घालून गेला.

बाजारातून पिवळी पावडर आणली तर ती ही एवढी फिकट! वाघ कसला, आजारी शेळी दिसली असती. मग मी डोकं चालवलं. आईच्या डब्यात वसमतची हळद होती. चिमूटभर टाकली तरी पातेलंभर वरण पिवळंधमक करणारी. मी ती मूठभर घेतली, पावडरीत कालवली, गुलाबपाण्यात भिजवली आणि कपाळापासून गळ्यापर्यंत थापली. वर काजळाचे पट्टे. काय वाघ दिसला म्हणता! साहेबांच्या बायकोनं खुर्ची मागे सरकवली.

घरी येऊन साबण लावला मात्र, तोंड लालभडक! हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे मला कुठं ठाऊक? आई ओरडली, मी ओरडलो. पाणी मारल्यावर लाली गेली, पण पिवळा रंग काही हटेना. सकाळी डाळीचं पीठ झालं, दही झालं, लिंबू झालं. तोंड सोलवटून निघालं, पण पिवळं ते पिवळंच. आई म्हणाली, आज नको जायला. मी म्हटलं, दिला शब्द मोडायचा नाही. आणि त्या पिवळ्यावर अर्धा डबा टाल्कम पावडर चोपडली. पुन्हा पावडरच, बघा! अक्कल म्हणून वापरायची नाही.

जामबागला पोचलो. समोर कुसुमचे वडील अण्णा, त्यांच्या शेजारी तिची मावशी. कुसुमनं खायला सुशीला आणून दिली, आपल्या मराठवाड्यातली, भिजवलेल्या चुरमुऱ्यांची. मी तिच्याकडं बघत मोठा घास घेतला आणि त्यात अख्खी हिरवी मिरची आली. घाम फुटला. रुमाल काढून खसाखसा तोंड पुसलं. आई मला कोपरानं ढोसतेय, पण लक्ष कुणाचं? रुमाल खाली आला तेव्हा पावडर रुमालावर आणि पिवळं तोंड सगळ्यांसमोर.

अण्णा पुढं वाकले. फार मायेनं म्हणाले, "डोळे बघू बरं तुमचे. कावीळ झालीय का?"

आजारी मुलाला कोण मुलगी देणार? मी घाईघाईनं म्हणालो, "छे छे, कावीळ कसली! हळद आहे, हळद. काल संध्याकाळीच लावली."

आईनं कपाळावर हात मारला. मावशी उठून उभी राहिली.

"हळद लागलेला माणूस लग्न होईपर्यंत उंबरा ओलांडत नाही," ती म्हणाली, "आणि तुम्ही आमची मुलगी बघायला आलात?"

मग मावशीच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. आता हे नवीनच निघालंय, एक बायको औरंगाबादेत, एक हैदराबादेत, मधे राज्याची हद्द, कोण कुणाला विचारतंय! आई मधे पडून म्हणाली की अहो, तसं नाही, तो वाघ झाला होता. त्यानं तर काम आणखीच बिघडलं. मावशीनं माझ्या हातातली बशी काढून घेतली. अण्णांनी दाराकडं हात केला.

कुसुम आतल्या दाराशी उभी होती. मला वाटलं, संपलं. औरंगाबादेचं तिकीट काढा. आणि काय अंगात आलं कुणास ठाऊक, मी कोट काढला, सतरंजीवर चार पायांवर उतरलो आणि अण्णांसमोर डरकाळी फोडली. ऑफिसातल्या सोंगातली उडीसुद्धा मारली. मावशी पाटावर चढली!

आतून कुसुमच्या हसण्याचा असा लोंढा आला की अण्णांच्याही तोंडावर हसू फुटलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः आमच्या ऑफिसात आले. सगळ्यांनी साक्ष दिली, वाघ हाच होता. आठवड्यात होकार आला आणि मी साहेबांना ठणकावून सांगितलं, हैदराबाद.

पुढं कित्येक वर्षं मी येणाऱ्याजाणाऱ्याला हे रंगवून सांगायचो, की बघा, एका डरकाळीवर बायको मिळवली. एकदा असाच पाहुण्यांपुढं छाती फुगवून बसलो होतो. कुसुम चहा घेऊन आली आणि ट्रे ठेवता ठेवता म्हणाली,

"डरकाळीचं काय घेऊन बसलात? अहो, अण्णांनी काविळीची सबब आयती हातात दिली होती. नुसतं हो म्हणायचं होतं, बरे होऊन परत आला असतात. तेवढंसुद्धा खोटं तुम्हाला जमलं नाही. तेव्हाच मी ठरवलं, हा माणूस जन्मात माझ्यापासून काही लपवू शकणार नाही. नवरा असलाच बरा."