एक ओळ वर

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एकच उजेड दिसतो, कॉम्प्युटरचा. बाहेर भरदुपार, पण खिडकीची काच धुळीने आंधळी झालेली. टेबलावर गार चहा, त्यावर जाड साय. आणि खुर्चीत पाठ वाकवून बसलेले मांडामांड काका.

हे नाव ऑफिसातल्या पोरांनी ठेवलेलं. सी भाषेत प्रोग्राम लिहिताना मेमरीत लागतील तेवढ्या जागा काका आधी मांडून घेत, मगच कामाला हात घालत. "ताटं मांडल्याशिवाय कोणी वाढायला घेतं का?" त्यांच्या तरुणपणी भाषेचाच तसा दंडक होता. पुढे दंडक सैलावला, काकांचा हात नाही सैलावला.

इस्पितळातल्या गंभीर रुग्णांच्या वॉर्डात धोक्याची घंटा वाजवणारा प्रोग्राम त्यांचाच. खाटा किती ते यंत्र कळवायचं आणि प्रोग्राम मेमरीत तेवढ्याच लांबीची रांग मांडायचा. परवा एक वायर सैल झाली आणि यंत्राने आकडा कळवला तो थेट लाखांत. एवढी रांग मांडता मांडता प्रोग्राम कोसळला. घंटा मुकी झाली आणि नऊ नंबरच्या खाटेवरचं माणूस गेलं. तेव्हापासून नर्स खाटेखाटेपाशी बसून होत्या, दुरुस्तीची वाट पाहत.

काकांच्याच हाताखाली शिकलेली आणि आता त्यांची साहेब झालेली मुलगी मागे येऊन उभी राहिली.

"काका, आकडा तपासायचाच राहिला होता का?"

"राहिला कुठे? ही बघ तपासणी. फक्त रांग मांडल्याच्या एक ओळ खाली."

"म्हणजे चोर घरात शिरल्यावर दाराला कडी!" बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"खरंय बाई. आधी मांडामांड ना आमची."

काकांनी तपासणी वर नेली. रांग कायमची चौसष्ट खाटांची केली. आकडा त्याहून मोठा आला, तर काहीही मांडण्याआधी घंटा. मग प्रोग्रामभर हिंडून तशा साऱ्या रांगा बदलल्या. मुलीने तोच लाखांतला आकडा मुद्दाम घातला. घंटा अशी किंचाळली की पलीकडच्या टेबलावर कुणीतरी टाळी वाजवली.

"वाजली, काका! लगेच पाठवते. आणि मनाला लावून घेऊ नका हो, तेव्हाची पद्धतच तशी होती."

काकांनी मान वर केली नाही.

"पाठव. आणि तिकडे फोन लावशील ना, तेव्हा जरा विचार गं, नऊ नंबरवर कोण होतं?"