लाकडाला कान

आज गिटारच्या तारा बदलताना बोटांना गंजाचा वास लागला आणि दरेकसा गावातली ती दुपार आठवली. आमच्या तालुक्याच्या गोरेगावात ब्लूजची गाणी ऐकणारा मी एकटाच. दरेकशाच्या एका म्हाताऱ्या ऑर्केस्ट्रावाल्याकडे अमेरिकेतल्या ब्लूज वादकाची सही असलेली जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे असं कळलं, तसा मी रेल्वेने तिथे गेलो. अंगणात मोहफुलं वाळत होती. ओसरीवर बसून त्यांनी गिटार मांडीवर घेतली, पण वायर कशालाच जोडली नाही. “ॲम्प्लिफायर बिघडला काय, काका?” मी विचारलं. “चांगला हाये. आयकणारी बुडी होती, माही बायको, ते गेली. आता कोनासाठी मोठ्यानं वाजवू? तू जवळ बस, कान लाव लाकडाले.” मी कान लावला. आत एक सूर हळूहळू वाकत रडवेला होत गेला, आणि त्यांचा श्वासही ऐकू आला. गाडीची वेळ झाली म्हणून मी उठलो. “तू जाय, मी वाजवून राहिलो,” ते म्हणाले. फाटकाशी वळून पाहिलं, तर त्यांची बोटं तारांवर फिरत होती आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं. पुन्हा तिकडे जाणं झालं नाही. हल्ली मीही एकटाच राहतो. आवाज येत नाही म्हणून शेजारी विचारतात, गिटार सोडली काय? मी हो म्हणतो, आणि दार लावून, वायर न जोडता वाजवत बसतो.