उसन्या सोफ्यावरची हळद

बारा वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी, कामठ्यात आमच्या मांडवातल्या सोफ्यावर हळदीचा डाग पडला. बहिणीची हळद सुरू होती. सोफा समोरच्या काकूंचा होता.

तेव्हा लग्नाचं सामान गल्लीतूनच यायचं. खाटा, सतरंज्या, पाण्याचे ड्रम, बुडाशी नाव कोरलेली गंजं-पातेली. मंगल कार्यालयं नंतर आली. सोफा मात्र आमच्या गल्लीत पहिल्यांदाच उसना आला होता. सायीच्या रंगाची मखमल, वर कायम चादर. आपल्या मुलीला पाहायला येणाऱ्यांसाठी काकूंनी तो गोंदियाहून आणला होता. रविवारी राजनांदगावचे पाहुणे यायचे होते. देताना काकू आईला म्हणाल्या, "ने वो, पण रविवारी सकाळी आणून देजो."

देवरीहून आलेली मावशी हळदीनं माखलेल्या लुगड्यानिशी उजवीकडच्या गादीवर बसली. उठली तेव्हा तळहाताएवढा पिवळा डाग होता. आईनं लगेच कपडे धुण्याची पावडर कालवली आणि ब्रशनं घासायला घेतलं. मिनिटभरात पिवळा डाग लाल झाला.

"घे! हळद होती, आता कुकूही लावलं तुनं," मावशी म्हणाली. बायका हसल्या. आई हसली नाही. तिनं डागावर चादर टाकली. बुधवारी नवरा-नवरी त्या चादरीवरच बसले. गुरुवारी बहीण सासरी गेली.

शुक्रवारी सकाळी आईनं गोंदियातल्या एका सोफे बनवणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "घिसना मत, भाभीजी, मखमल के बाल झड़ जाएँगे. साबुन से ही लाल हुआ है. पहले पीछे एक बूंद नींबू लगाके देखो. फिर दाग पे थपथपाओ, ठंडे पानी का कपड़ा फेरो, और धूप में रखो."

लिंबानं लाल डाग पुन्हा पिवळा झाला. आईनं ओल्या मलमलीनं तो टिपला, बाकीची गादी कापडानं झाकली आणि अंगणात खाटेवर ठेवली. काकूंचं दार समोरच होतं. गादी पाहून त्या अंगणात आल्या.

"काऊन वो, तीन दिवस चादरीखाली ठेवली, अन् आता माह्या गादीले ऊन दाखवून राहिली?"

आईनं सगळं सांगितलं. काकू वाकून डाग पाहत राहिल्या.

"मंगळवारीच मले सांगाचं होतं."

"तू गादी घेऊन गेली असती."

"गेलीच असती. मग मांडवात नवरा-नवरीले काय तुनं मांडीवर बसवलं असतं?"

मग त्या घरी गेल्या आणि चार लिंबं घेऊन परत आल्या.

शुक्रवार आणि शनिवारच्या दुपारी दोघी कडुनिंबाखाली बसून होत्या. ऊन सरकलं की दोघी मिळून खाट सरकवायच्या. टिपायचं कापड वाळलं की एक ते पुन्हा भिजवायची, दुसरी मऊ ब्रशनं मखमलीची लव एका दिशेनं बसवायची. अंगणात लिंबाचा आणि ओल्या कापडाचा वास होता. बहिणीच्या सासरचं बोलणं निघालं की आई ब्रश थांबवायची. दोघींना इतका वेळ सोबत बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

शनिवारी संध्याकाळी डाग उजेडात तिरपं पाहिल्याशिवाय दिसत नव्हता. रविवारी सकाळी आठला सोफा परत गेला. पाहुणे बाराच्या सुमारास आले. मुलाची आई उजवीकडच्या गादीवर बसली आणि जेवायला उठेपर्यंत तिथेच होती. त्याच संध्याकाळी राजनांदगावहून होकाराचा फोन आला.