मुरगेश कोणाच्या बाजूने मेला

जुलै सत्त्याऐंशीच्या अखेरीस मी कळव्याला सुट्टीवर होतो. सुट्टी अर्धीही झाली नव्हती, तोच तार आली: ताबडतोब युनिटला हजर व्हा. कारण लिहिलेलं नव्हतं. रेडिओवर मात्र आदल्या दिवसापासून श्रीलंकेशी झालेल्या कराराच्या बातम्या होत्या, त्यामुळे अंदाज आला.

मी तेव्हा फौजेच्या सिग्नलमध्ये नाईक होतो. रेडिओ ऑपरेटर. आमचं युनिट सिकंदराबादला. आईने माझी ट्रंक भरली. ती म्हणाली, "बुद्धाच्या देशात चाललास रे. नशीब काढलंस." आमच्या चाळीत सगळी बौद्ध कुटुंबं. लंका म्हटलं की धम्माचा देश, एवढंच आम्हाला माहीत. तिने तथागतांचं लॉकेट माझ्या गळ्यात घातलं.

संध्याकाळी मी डोंबिवलीला मुरगेशकडे गेलो. त्यालाही तशीच तार आलेली. नाईक एस. मुरुगेशन माझ्याच डिटॅचमेंटमध्ये, त्याच छोट्या तुकडीत होता. जबलपूरला ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात मेसच्या रांगेत मागून आवाज आला होता, "कळव्याचा ना तू? मी डोंबिवलीचा." वळून पाहिलं तर काळासावळा, उंच, कपाळावर भस्माची पुसट रेघ. मराठी माझ्यापेक्षा साफ. त्याचे वडील तरुणपणी तिरुनेलवेलीकडून आलेले आणि एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत बॉयलरवर होते. आई वारलेली. घरात वडील, तो आणि धाकटी बहीण सेल्वी. वडिलांना सगळे अप्पा म्हणायचे, मीही.

अप्पा त्या दिवशी खुशीत होते. त्र्याऐंशी साली कोलंबोत दंगल झाली, तमिळ लोकांना घरांसकट जाळलं, तेव्हा याच अप्पांनी डोंबिवलीत दारोदार फिरून साड्या, चादरी, लहान मुलांचे कपडे गोळा केले होते. लंकेच्या उत्तरेतल्या तमिळांना वेगळा देश मिळाला पाहिजे, असं त्यांचं ठाम मत. बंदूक घेऊन लढणाऱ्यांना ते 'पोरं' म्हणायचे.

"आपल्या माणसांना वाचवायला जातोय माझा मुलगा," ते मला म्हणाले. "सरकारने पहिल्यांदा बरोबर काम केलं."

मुरगेश हसला. "अप्पा, ऑर्डर काय आहे ते अजून आम्हालाच माहीत नाही."

ऑर्डर सोपी होती. आमची डिटॅचमेंट पायदळाच्या एका बटालियनला जोडली गेली. विमानाने जाफन्याजवळ उतरलो. लंकेचं सैन्य बराकीत राहणार, तमिळ पोरं हत्यारं खाली ठेवणार, आणि मध्ये आम्ही उभे राहणार. शांतिसेना. करार दोन सरकारांचा. लढणाऱ्या पोरांची त्यावर सही नव्हती, हे आम्हाला नंतर कळलं.

पहिले आठवडे लोकांनी आम्हाला हार घातले. बायका रस्त्यावर येऊन कपाळाला कुंकू लावायच्या. शहाळी फुकट. मुरगेशला तर घराघरात बोलावणं. आमच्यात तमिळ येणारा तोच, म्हणून कंपनी कमांडर मेजरसाहेबांनी त्याला दुभाष्या केलं. लाऊडस्पीकर त्याच्या हातात आला आणि रेडिओ सेट माझ्या. दोन-तीन वेळा पोरांनी थोडी हत्यारं आणून दिली, जुनी, गंजलेली. मुरगेश एक बंदूक उचलून मला म्हणाला, "ही आजोबाची आहे. नातवाची कुठेय?"

ऑक्टोबरात सगळं उलटलं. काय झालं, कोणी कोणाला फसवलं, यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. शिपायाला एवढंच कळलं की ज्यांना वाचवायला आलो त्यांच्याच पोरांशी लढायचंय. आदेश आला तसे आम्ही जाफन्याच्या दिशेने सरकायला लागलो. रस्त्यात सुरुंग, ताडाच्या झाडांवर नेमबाज. हार घालणारी घरं दारं लावून बसली.

एका घराची झडती चालू होती. मी पाण्यासाठी वाकलो आणि लॉकेट शर्टाबाहेर आलं. घरातली म्हातारी ते बघून भिंतीला चिकटली आणि किंचाळून काहीतरी म्हणाली.

"काय झालं?" मी मुरगेशला विचारलं.

"तू तिला सिंहली वाटलास. लॉकेटमुळे. तिचा मुलगा लंकेच्या सैन्याने नेला, तो परत आला नाही. त्यांच्याकडेही अशीच लॉकेटं होती."

"तिला सांग, आमचा बुद्ध वेगळा."

मुरगेश तिच्याशी बराच वेळ बोलला. बाहेर आल्यावर म्हणाला, "ती म्हणते, बुद्ध एकच असतो. माणसंच बुद्धाला बरोबर घेऊन मारायला येतात." मी लॉकेट काढून खिशात ठेवलं. ज्या बाबासाहेबांमुळे आम्ही माणसात आलो, त्यांनी दिलेला बुद्ध मला असा लपवावा लागला. याचा राग कोणावर काढायचा, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

त्याच सुमारास सेटवर परके आवाज यायला लागले. पोरांकडे आमच्यासारखेच सेट होते आणि ती आमच्या फ्रीक्वेन्सीवर घुसायची. बहुतेक शिव्या असायच्या, मोडक्या हिंदीत. एका दुपारी मात्र शांत आवाज आला, तमिळमध्ये. शिकलेला माणूस वाटला. मुरगेश हातातलं बिस्किट तसंच धरून ऐकत राहिला.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"मला म्हणतोय. तंबी, घरी जा. तंबी म्हणजे धाकटा भाऊ. लाऊडस्पीकरवरून माझा आवाज ओळखतात ते."

"अजून काय?"

"विचारतोय, तुझी आई कुठल्या भाषेत रडते?"

मुरगेशने हातातलं बिस्किट बाजूला ठेवलं. मग मुरगेश म्हणाला, "आई गेली माझी, सांगू का त्याला?"

"सेटला हात लावू नको."

"नाही लावत. पण आवाज चांगला आहे रे. आमच्या शाळेत तमिळ शिकवायला एक सर होते, तसा."

मी मेजरसाहेबांना रिपोर्ट दिला. ते म्हणाले, "फ्रीक्वेन्सी बदलो. और मुरुगेशन को बोलो, लाऊडस्पीकर कम चलाए."

पण कमी चालवून भागणार नव्हतं. चारच दिवसांनी एका गावापाशी कंपनी अडकली. एकच रस्ता, दोन्ही बाजूंना ताडाच्या पानांची कुंपणं. टोकाला देऊळ. देवळात गावातली माणसं आसऱ्याला बसलेली आणि देवळामागच्या ताडांमध्ये पोरं. आमच्याकडे मॉर्टर होत्या, उखळी तोफा. मेजरसाहेबांनी त्या लावू दिल्या नाहीत.

"पहले सिविलियन निकालो," ते म्हणाले. "मुरुगेशन, पंद्रह मिनट."

"साब, बूढ़े लोग हैं. टाइम लगेगा."

"जितना लगे लो. पर आड़ में रहना."

मुरगेश एका पडक्या भिंतीआडून बोलायला लागला. बाहेर या, घाबरू नका, कोणी गोळी झाडणार नाही, असं तो सांगत होता. कोणी आलं नाही. भिंतीआडून येणाऱ्या आवाजावर कोण विश्वास ठेवणार? दहा मिनिटं झाली असतील. मग तो उठला आणि रस्त्यात जाऊन उभा राहिला. मी ओरडलो, "मुरग्या, खाली बस." त्याने मागे न बघता हात हलवला.

त्याला बघून माणसं निघाली. आधी एक बाई, कडेवर मूल. मग पाच-सहा जणं. मग रांगच लागली. हात वर केलेले, गाठोडी डोक्यावर. मुरगेश प्रत्येकाला काहीतरी म्हणत होता. एक-दोन बायका तर हसल्याही. बरीच माणसं आमच्या मागे पोहोचली. मला वाटलं, जमलं.

शेवटी एक म्हातारा होता. त्याचा पाय अधू होता. रस्त्याच्या मध्यावर तो खाली बसला आणि उठेना. मुरगेशने लाऊडस्पीकर लान्स नाईक हरकसिंगच्या हातात दिला. हरकसिंग आमचा लाइनमन, गढवालचा, बोलायला अगदी कमी. मुरगेश म्हाताऱ्यापर्यंत गेला, वाकला आणि त्याच्या काखेत हात घातला. तेव्हा ताडांमधून गोळ्यांचा बर्स्ट आला.

मुरगेश आधी गुडघ्यावर बसला, मग आडवा झाला. हरकसिंग त्याला ओढायला धावला. वाटेतच त्यालाही गोळी लागली, तो पोहोचलाच नाही. आमच्या मशीनगनने उत्तर दिलं. रस्त्यात अजून काही माणसं होती, ती मध्ये सापडली. हे मी लपवणार नाही. दोन्हीकडून गोळ्या येत असताना मधल्या माणसाला कोणाची लागली, हे कोणी सांगू शकत नाही.

मी सेटवर बटालियनशी बोललो. "चार्ली टू, दो कैज्युअल्टी, सीरियस. हेलिकॉप्टर चाहिए. ओव्हर."

"चार्ली टू, लँडिंग जोन पर फायर है. हेलिकॉप्टर नहीं आएगा. होल्ड. ओव्हर."

"रॉजर. आउट."

धूर सोडून आम्ही दोघांना भिंतीआड आणलं; हरकसिंग तोवर गेला होता. मुरगेशला गोळी पोटात लागली होती. तो शुद्धीवर होता. मला म्हणाला, "म्हातारा कुठेय?"

"बोलू नकोस. हलू नकोस."

"घेतला का त्याला आत?"

म्हातारा तिथेच पडलेला मला दिसत होता. मुरगेशने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं. पुन्हा त्याने विचारलं नाही. अंधार पडायच्या आधी तो गेला.

तेव्हा जवानांचे देह घरी पाठवायची सोय नव्हती. त्याला आणि हरकसिंगला तिथेच विमानतळाजवळ अग्नी दिला. अस्थी घेऊन जायला गाववाला पाठवतात. मुरगेशचा गाववाला मी. लाकडी पेटी, तिच्यावर नंबर आणि नाव. मद्रास, मग कल्याण, आणि स्टेशनपासून रिक्षाने डोंबिवली. बरोबर ना बँड ना अधिकारी. रिक्षावाल्याने विचारलं, "पेटीत काय आहे? सामानाचे जास्त होतील." मी म्हटलं, "चल."

अप्पा दारात उभे होते. पेटी त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. खाली ठेवली नाही, मांडीवर घेऊन बसले. सेल्वीने पाणी आणलं. बऱ्याच वेळाने अप्पांनी विचारलं, "कोणी मारलं?"

"पोरांनी."

"खोटं. आमची पोरं तमिळ माणसाला मारत नाहीत."

"अप्पा," सेल्वी म्हणाली, "हे दादा तिथे होते. त्यांनी डोळ्यांनी बघितलं."

मी घडलं ते सगळं सांगितलं. सेटवरचा आवाजही सांगितला. तो माणूस मुरगेशला 'तंबी' म्हणाला होता, हे ऐकल्यावर अप्पांनी मान खाली घातली. मग विचारलं, "मुरगेशने कोणावर गोळी झाडली का?"

"त्या दिवशी त्याच्या हातात बंदूक नव्हती."

"मग माझा मुलगा कोणाच्या बाजूने मेला?"

"रस्त्यात मेला, अप्पा. मधोमध. एका तमिळ म्हाताऱ्याला उचलताना."

नातेवाईक म्हणाले, अस्थी रामेश्वरला न्या. अप्पांनी नकार दिला. "त्या समुद्राच्या पलीकडे लंका आहे. तिकडे परत पाठवणार नाही त्याला." डोंबिवली पश्चिमेला रेतीबंदरावर आम्ही खाडीत अस्थी सोडल्या. ओहोटी होती, चिखलात गुडघाभर आत जावं लागलं. परत येताना अप्पा म्हणाले, "मी त्या कपड्यांसाठी किती दारं वाजवली."

मी परत लंकेत गेलो आणि नव्वदच्या मार्चमध्ये शेवटच्या तुकड्यांबरोबर आलो. तोवर लंकेचं सरकार आणि तीच पोरं मिळून आम्हाला जा म्हणत होती. मद्रास बंदरावर उतरलो तेव्हा हमालांनी आमच्याकडे तोंड फिरवलं. तमिळांना मारून आले, असं त्यांचं म्हणणं. कळव्यात विचारत, "लंकेत होतास ना? आपलं काय काम होतं तिकडे?" दोन्ही बोलणी ऐकून घ्यायची.

एक्क्याण्णवच्या मे महिन्यात, आम्हाला लंकेत पाठवणाऱ्या माजी पंतप्रधानांची हत्या झाली. ती त्याच पोरांनी केली, असं पुढे आलं. जूनमध्ये सुट्टीवर आलेलो असताना मी अप्पांकडे गेलो, तर तिथे साध्या कपड्यांतला एक पोलीस बसलेला. शेजारच्या कोणीतरी सांगितलेलं की हे त्र्याऐंशीला लंकेवाल्यांसाठी कपडे गोळा करत होते.

"तुमच्याकडे लंकेची माणसं येतात का?" त्याने विचारलं.

"येत नाहीत," अप्पा म्हणाले. "इकडून एक गेला होता. तो आला नाही."

भिंतीवर मुरगेशचा युनिफॉर्ममधला फोटो होता, हार घातलेला. पोलिसाने तो पाहिला. मी सांगितलं, हा कोण, कुठे गेला, कसा गेला. तो उठला, जरा ओशाळला. तरी जाताना म्हणाला, "गावाला जायचं झालं तर चौकीवर सांगून जा. आम्हालाही वरून ऑर्डर आहे."

मी काही बोलणार होतो. अप्पांनी हातानेच मला थांबवलं. "जाऊ दे," ते म्हणाले. "तिकडे पोरांना तो हिंदुस्थानी वाटला. इकडे यांना मी लंकेचा वाटतो. आम्ही तर डोंबिवलीचे."

अप्पा अठ्ठ्याण्णव साली गेले. सेल्वी लग्न होऊन कल्याणला राहते. मी फौजेतून सुटल्यावर टेंभी नाक्याजवळ एका बँकेत गार्ड होतो. कारगिलच्या वर्षी लोक माझे मेडल बघून हात मिळवायला यायचे आणि विचारायचे, काका, कुठली लढाई? लंका म्हटलं की हात सोडून आत जायचे.

त्या लढाईबद्दल माझ्याकडे मोठं मत नाही. एकांना स्वतःचा देश हवा होता. दुसऱ्यांना तो द्यायचा नव्हता. आम्ही दोन सरकारांच्या करारावर मध्ये गेलो, आणि शेवटी दोघांनीही आम्हाला हाकललं. हजाराच्या वर आमची माणसं तिकडे राहिली. तिथली किती मेली, ते मोजणारेही नीट सांगत नाहीत.

मी ओळखत होतो ते दोघे. नाईक एस. मुरुगेशन, राहणार डोंबिवली. लान्स नाईक हरकसिंग, राहणार पौडी गढवाल. तिसरा तो म्हातारा. अंधार पडल्यावर आम्ही पुढे सरकलो तेव्हा तो रस्त्यातच होता, आणि देवळातली माणसं तोवर मागे छावणीत पाठवलेली, त्यामुळे त्याला ओळखणारं तिथे कोणी नव्हतं. त्याचं नाव फक्त मुरगेशने विचारलं असेल.