गव्हाच्या दाण्याएवढा ओलावा

विजेच्या धक्क्याने झालेल्या मृत्यूची बातमी चार ओळींची असते. नाव, वय, गाव आणि “मोटार सुरू करण्यासाठी गेला असता”. जिल्ह्याच्या दैनिकात असताना ती मी इतक्या वेळा लिहिली, की पुढे पुढे फक्त नाव आणि गाव बदलावे लागे. पाणी आणि वीज एका खोलीत आली की मी आजही दाराशी थांबतो. त्यामुळे मुलीने संगणक गार ठेवायला त्यात पाणी फिरवायचे ठरवले, तेव्हा मी आधी नाही म्हणालो.

तिचे कारण साधे होते. नकाशातली इमारत बांधून झाल्यावर कशी दिसेल, त्याच्या चित्रफिती ती संगणकावर तयार करते. एका चित्रफितीसाठी यंत्राला आठ-नऊ तास पूर्ण ताकदीने चालावे लागते. काम पुण्यातल्या एका कार्यालयाचे, पण ती ते अमडापूरला आमच्या घरी बसून करते. गेल्या मे महिन्यात दुपारी यंत्र इतके तापे की आपोआप बंद पडे. एसी सोसेल अशी आमच्या घराची वायरिंग नाही, आणि कूलरने भागले नाही. दोन कामे उशिरा गेली. पुढच्या उन्हाळ्यातही असेच झाले तर पुण्याला येऊन बसावे लागेल, असे कार्यालयाने कळवले.

घरात आम्ही दोघेच. तिची आई जाऊन दीड वर्ष झाले होते. मुलगी पुण्याला गेली तर मी एकटा उरणार, हे मला रोज दिसत होते. तिला मी ते बोललो नाही.

एप्रिलमध्ये सामान आले. एक लहान पंप, त्यालाच जोडलेली काचेच्या पेल्यासारखी उभी टाकी, जाळीचा रेडिएटर, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर बसवायचे दोन पोकळ ठोकळे, आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या नळ्या. पाणी ठोकळ्यांतून जाताना उष्णता घेते, रेडिएटरमध्ये निवते आणि टाकीत परत येते. एकूण सांधे आठ. मी ते दोनदा मोजले.

मदतीला तिचा मामा आला. तो आसपासच्या शिवारात ठिबक बसवतो.

“एवढुसं?” खोकी पाहून तो म्हणाला. “मले वाटलं पाच एकराचं काम हाये.”

“मामा, आधी हात धुवून ये. आणि पाना बाहेरच ठेव. हे हातानंच आवळायचं असते.”

“हातानं तं लोणच्याची बरणी आवळतात, बाई.”

“मंग बरणीच समज.”

मी दाराशीच होतो. तो माझ्याकडे वळला. “भाऊजी, तुम्ही काऊन एवढे भेऊन राह्यले? पंप बारा व्होल्टचा हाये. चिमणीले बी धक्का नाही लागत.”

जोडणी संध्याकाळपर्यंत झाली. टाकीत शुद्ध पाणी भरले. चिखलीच्या बॅटरीवाल्याकडून आणलेले, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच. नियम मुलीने आम्हाला समजावून सांगितला. पहिले चोवीस तास फक्त पंप चालेल, बाकी यंत्राला वीज मिळणार नाही. प्रत्येक सांध्याखाली टिश्यूचा कागद राहील. कागद ओला झाला तर तो सांधा उघडायचा.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. मैत्रिणीच्या साखरपुड्याला म्हणून ती दुपारी चिखलीला गेली. जाताना म्हणाली, “बाबा, दर अर्ध्या तासानं बघा. बोट लावून बघा. ओलं वाटलं तर मला फोन करा.”

अडीच वाजता ग्राफिक्स कार्डाच्या खालच्या सांध्याजवळचा कागद एका जागी गडद दिसला. गव्हाच्या दाण्याएवढा ठिपका. मी बोट लावले. ओला होता.

मी फोन हातात घेतला. मामा नुकताच जेवून पलंगावर आडवा झाला होता. तो उठून आला, वाकून पाहिले आणि हसला.

“हा तं घाम होय, भाऊजी. नवा सांधा घामेजतेच. दोन दिवस पाणी चालू द्या, बसून जाते. शिवारात कोणाले बी इचारा.” त्याने खिशातून पकड काढली, सांधा पाव फेरा आवळला आणि खाली नवा कागद ठेवला. ओला कागद त्याने चुरगळून खिशात टाकला.

साडेतीनला कागद कोरडा होता. चार वाजता थंड लागला. थंड की ओला, हे मला बोटाने ठरवता आले नाही.

पाच वाजता ती आली. “सगळं कोरडं?”

सांधा उघडायचा म्हणजे पाणी काढा, पुन्हा भरा, पुन्हा चोवीस तास. तिचे काम शुक्रवारी संध्याकाळी द्यायचे होते. “कोरडं,” मी म्हणालो. नोकरीत असताना पडताळणी झालेली नसेल तर मी वाक्याच्या शेवटी “असे समजते” लावत असे. त्या दिवशी तेही लावले नाही.

रात्री जेवणाआधी तिने यंत्राला वीज दिली. ते सुरू झाले. उन्हाळ्यात पहिल्यांदाच त्या खोलीत पंख्यांचा घोंघाट नव्हता. ती खूश होती. मी आठही सांधे लांबून पाहत होतो.

बुधवारी टाकीतली पातळी तिने पेनाने केलेल्या खुणेच्या किंचित खाली गेली. मी ते दाखवले. “नळ्यांमधली हवा बाहेर पडते बाबा, म्हणून उतरते. पहिले काही दिवस असंच होते,” ती म्हणाली. हे खरे असू शकत होते. गुरुवारी पातळी आणखी उतरली. मी ते तिला सांगितले नाही. ती स्वयंपाकघरात गेली की मी खोलीत जाऊन खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर पट्टीने मोजत असे. चार मिलिमीटर. संध्याकाळी पाच. ती यंत्राला हात लावायला वाकली की माझ्या डोक्यात त्या चार ओळी नाव, वय आणि गावासह तयार होत.

शुक्रवारी सकाळी मामाने मला शेतात बोलावले. भेंडीला बसवलेले नवे ठिबक तपासायचे होते. मुख्य पाइपाचा एक सांधा त्याने बोटाने दाखवला. त्यावर मातीची खपली धरली होती. “परवा हा टपटप गळत होता. पाहा, बसला ना?”

“कशानं बसतो?”

“गाळानं. इहिरीच्या पाण्यात बारीक माती असते. ते फटीत जाऊन दाटते अन्…” तो थांबला. माझ्याकडे वळून त्याने विचारले, “तुमच्या त्या डब्यात कोणतं पाणी हाये?”

“बॅटरीचं.”

त्या पाण्यात काहीच नसते. फट बुजवायलाही काही नसते. दोघांनाही ते एकाच वेळी कळले.

“भाऊजी, गाडी काढा,” तो म्हणाला.

घरी पोचलो तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती. ती यंत्रासमोर बसली होती. चित्रफितीचा सातवा तास चालू होता. मी दारातूनच सांगितले की खालचा सांधा मंगळवारी ओला होता. ती लगेच उठली आणि भिंतीवरचे बटण बंद केले.

टॉर्चच्या उजेडात सांध्याखाली एक थेंब लटकत होता. कार्डावर ओला डाग होता आणि त्याची कड, कार्ड जिथे बसते त्या मदरबोर्डवरच्या खाचेपासून बोटभर लांब होती. सांधा उघडल्यावर रबरी वायसर दिसला. एका बाजूने दुमडून चिरला होता. तो आधीच नीट बसला नसावा, पकडीने आवळल्यावर तो आणखी बिघडला.

“हे माह्यानं झालं, बाई,” मामा म्हणाला.

“तुले कुठं माहीत होतं मामा.” मग तिने माझ्याकडे पाहिले. “बाबा, तुम्ही किती वाजता बघितलं होतं?”

“अडीच.”

“म्हणजे मी विचारलं त्याच्या आधी.”

“हो.”

 कार्यालयाला फोन करून तिने काम दोन दिवस उशिरा येईल असे सांगितले. पलीकडून सोमवारी बोलू, एवढेच उत्तर आले. ते दोन दिवस पुण्याच्या गाडीच्या वेळा न ठरवताही मला आठवत राहिल्या.

नवा वायसर बसवून पुन्हा चोवीस तासांची चाचणी लागली. ती घराबाहेर पडली नाही. दर अर्ध्या तासाने कागद पाहायचे काम माझ्याकडेच ठेवले. मी बोट लावून म्हणायचो, “कोरडं.” ती मान हलवायची, उठायची आणि आठही कागदांना स्वतः बोट लावून परत बसायची.

सोमवारी कार्यालयाने हा उन्हाळा पाहू असे म्हटले. मे संपेपर्यंत यंत्र एकदाही बंद पडले नाही. ती इथेच आहे. त्या खालच्या सांध्याजवळ अजून एक कागद असतो. ती विचारते तेव्हा मी वेळेसह सांगतो : अकरा वाजता पाहिला, कोरडा होता. ती ऐकून घेते. मग उठून बोट लावते.