रिकाम्या खेळण्यातला बांध

चि. रोहन आणि मुग्धा,

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. पुराव्याशिवाय काही मानायचं नाही, ही सवय. म्हणून घडलं तसंच, क्रमाने लिहिते.

शहाण्णव साल, नगरचं आपलं सावेडीचं घर. बाथरूममध्ये पडल्यापासून मला तोल सावरेना. तुमच्या बाबांनी, माझ्या लेकाने, फोनवर बजावलं — "शुक्रवारपर्यंत आधाराशिवाय दहा पावलं चाललीस तर ठीक. नाहीतर घर बंद करून इकडे यायचं." मला घर सोडायचं नव्हतं.

फिजिओथेरपिस्ट मुलीने फरशीवर खडूची रेघ मारून दिली होती. पावलापुढे पाऊल, नजर समोर. माझी नजर मात्र पायांवरच! शेवटी तिला कपाटात तुमचं लाल खेळणं दिसलं — चित्रांची चकती आत घालून डोळ्यांना लावून बघायचं.

"आजी, हे लावून चाला. खाली बघताच येणार नाही. परदेशात असे चष्मे निघालेत म्हणे, घातले की माणूस चित्रातच चालतो."

गुरुवारी दुपारी लावलं. मागे कामाच्या सखूबाई.

"पडू नका बाई. तुमी पडल्या की मी बी पडंन, मग दोघींला कोन उचलायचं?"

आधी नुसतं धुकं... मग माझ्या माहेरचं, राजूरकडचं भातखाचर, पाण्याने भरलेलं. मधून वीतभर बांध. पुढे एक बाई, डोक्यावर भाकऱ्यांची टोपली. पाठमोरी. लुगड्याचा काठ ओला.

माझी आई मी चार वर्षांची असताना गेली. तिचा फोटोसुद्धा नाही. तरी कळलं, ही तीच.

"पायाकडं नको बघू. टोपलीकडं बघ," ती म्हणाली.

मी बघत राहिले. चिखलाचा गार वास... किती वेळ, सांगता येत नाही.

"बाई, भिंत!" सखूबाई ओरडल्या. मी अख्खी खोली ओलांडली होती.

"टोपली टोपली काय करत हुत्या? अन् त्यात बघत तरी काय हुत्या? चित्रांची चकती तर हितं टेबलावर हाय!"

खरंच होती. घालायलाच विसरले होते मी... मी!

शुक्रवारी त्या मुलीसमोर खेळण्याशिवायच चालले. चौदा पावलं. घर उघडं राहिलं.

डॉक्टर म्हणतात, रिकामं दिसलं की मेंदू काहीतरी भरतो. असेल. एवढंच सांगते — ती एकदाही मागे वळली नाही. वळली असती, तर मी बांधबिंध सोडून तिच्याकडे धावले असते... आणि पडले असते.