पाठीमागे बांधलेले हात

संस्थानचा तो राजवाडा पाहायला आम्ही कॉलेजचे चार मित्र परवाच्या रविवारी पुन्हा गेलो होतो. दरबार हॉलच्या दारातच मधूने दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून घेतले. वर झुंबरं, दोन्ही बाजूंना मांडलेली नाजूक भांडी, आणि त्यांच्यामधून अंग चोरून चाललेला पंचाहत्तरीचा मधू.

"शहाणा झाला," सदा हसला. "एक फुलदाणी फोडल्यावर का होईना."

तरुणपणी आम्ही इथे आलो होतो तेव्हा ती चिनी मातीची फुलदाणी पडली. जवळ मधू आणि मी, दोघेच होतो. पहारेकरी मधूवर ओरडला. मधूने हात जोडून माफी मागितली आणि मी गप्प राहिलो. पुढे कुणाच्याही घरी जमलो की थट्टा ठरलेली, मधूच्या हातात कपबशी देऊ नका. सगळ्यांत मोठ्याने मीच हसायचो. वर्षानुवर्षं एकच थट्टा ऐकून माणूस हळूहळू तिच्या मापाचा होत जातो, हे मला त्याची पाठ बघताना कळलं.

बाहेर पायऱ्यांवर आम्ही दोघेच बसलो तेव्हा मी सांगितलं, "मधू, ती फुलदाणी माझ्या कोपराने पडली होती. मला तेव्हाच कळलं होतं."

तो शिव्या देईल असं मला वाटलं.

"मला वाटायचं, माझाच धक्का लागला," तो म्हणाला. "नात झाली तेव्हा सुनेने तिला माझ्यापुढे धरलं होतं. मी घेतलं नाही रे. म्हटलं, पडेल माझ्या हातून."